गाडी उजवीकडे ओढते

बेसा ते खापा, पन्नासेक किलोमीटर, म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही. आजकालचे पोट्टे एवढ्या अंतरावर नुसता चहा प्यायला जातात. मला दोन दिवस लागले, आणि तिथून जे घेऊन आलो ते अजून खाली ठेवता येत नाही, म्हणून लिहितो. शाळा सातवीपर्यंत. लिहायला बसलो की हाताला मला-तुला येते, तोंडात मले-तुले आहे. दोन्ही सापडेल, चालवून घ्या.

आधी गाडी सांगतो. शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा होता तो पुसून गेला. मी आणि माझी बायको वच्छला, आम्ही आठवडी बाजारात हळद-तिखट विकत होतो. आज इथला बाजार, उद्या तिथला. माल चार दुकानदारांचा मिळून मेटाडोरवर जायचा, आणि आम्ही दोघं गाडीवर. मी पुढे. ती मागे, दोन्ही पाय डावीकडे टाकून, पातळाचा काठ गुडघ्याखाली दाबून. पंचवीस वर्षांच्या वर असंच चाललं. ह्या गाडीवर मी एकटा बसलो असेन तर पेट्रोल पंपापुरता.

यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी वच्छला गेली. पोटाचा रोग होता. लोक म्हणाले, भरल्या कपाळानं गेली, नशीबवान. माझ्यासमोर कोणी हे म्हणलं की मी उठून जातो.

गाडी उजवीकडे ओढते. सरळ रस्त्यावर सरळ धरली तरी हळूहळू मधल्या पट्ट्याकडे जाते, जसं कोणी हँडलला बारीक दोरी बांधून खेचते. आधी थोडी ओढायची. ती गेल्यावर फारच ओढायला लागली. चार मेकॅनिक झाले. बेरिंग तीनदा बदललं, फोर्क उघडला, चेन ढिली केली, चेन कसली. सगळे म्हणाले, काही नाही हिला. दसऱ्याच्या सुमारास उड्डाणपुलावर डिव्हायडरला घासलो, गुडघा फुटला. पोरगा प्रकाश म्हणाला, "बाबा, आता भंगारात द्या. रविवारी माणूस येते."

त्याचं चुकलं नाही. त्याची माय गेली, आता बाप डिव्हायडरवर जायचा. मी म्हणलो, "खाप्याचा लतीफभाई एक राहिला. त्यानंही हात टेकले तर रविवारी देतो."

लतीफभाई म्हणजे वच्छलाच्या माहेरचा मेकॅनिक. गाडी नवी होती तेव्हा तिच्या डाव्या बाजूला साडीगार्डची जाळी आणि पाय ठेवायची पट्टी त्यानंच बसवली होती. गाडीची खोट सापडली तर गाडी राहील, नाही सापडली तर जाईल. एवढ्यासाठी निघालो.

शुक्रवार. कामठी रोड

शहरातून निघताना तो दवाखाना लागतो. दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं असतं, पण गाडीला तोच रस्ता पाठ आहे.

उन्हाळ्यात तिला तिथं नेलं होतं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. तिनं मला विचारलं, "यांचं वजन कधीपासून कमी व्हायला लागलं?" मी म्हणलो, ठाऊक नाही. वच्छला पलंगावरून म्हणाली, "आत्ताच. उन्हाळ्यानं." डॉक्टरीण तिच्याकडे न पाहता मलाच म्हणाली, "तुम्ही रोज सोबत असता न यांच्या?" मी म्हणलो, हो. मग तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, चार-सहा महिने आधी आणायला पाहिजे होतं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. कधीपासून? मी आठवून पाहतो. ताटात काय होतं, काय उरलं, आठवत नाही. ती म्हणायची, "मी जेवली मघाच." आणि मी जेवायचो.

कामठी रोडला एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. आमच्या बेस्याकडच्यापेक्षा तर्री लाल, पण नुसता रंग, तिखट नाही. तिखट विकणाऱ्याला हे लगेच कळते. टपरीपुढे तीन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे तीन मालक उभ्यानं खात होते. मला एक सवय लागली आहे. कोणाचीही गाडी दिसली की विचारतो, तुमच्या गाडीत तुम्हाला काय आवडत नाही? दुसऱ्याच्या गाडीची खोट ऐकली की घटकाभर बरं वाटते.

पहिला ठेकेदार दिसत होता, अंगानं भारी. त्याची गाडीही तशीच, डुगडुग आवाजाची. तो म्हणाला, "काय सांगू बाबाजी, मांड्या भाजते. मे महिन्यात हिच्यावर बसनं म्हंजे तव्यावर बसनं. सिग्नलले उभा राहिलो का इकडून शिजतो."

"मंग विका."

"विकू काहून? माही गाडी आहे."

दुसरे मास्तर होते, बॅटरीच्या स्कूटरवाले. "आवाजच नाही हिले," ते म्हणाले. "माणूस तं जाऊ द्या, रस्त्यातलं कुत्रं उठत नाही. हॉर्न वाजवला का ते माह्याकडं असं पाहते जसा मीच चुकलो."

तिसरा लग्न झालेला तरुण. त्याच्या गाडीची मागची सीट आकाशाकडे निघालेली, आणि पोळपाटाएवढी. "लग्न ठरलं तेव्हा घेतली," तो म्हणाला, "बायको दोनदा बसली. म्हणते, मी काय वानर आहो, झाडावर बसू? आता ते तिच्या भावाच्या स्कूटरवर जाते अन् मी मागून मागून."

ठेकेदार म्हणाला, "म्हंजे बायको भावासंगं अन् तू ट्रॅफिकसंगं."

सगळे हसले. मीही हसलो असेन. आम्ही बाजारात जन्मभर आपल्या मालाला नाव ठेवलं नाही. किडकी मिरची असली तरी म्हणायचो, उन्हात वाळवलेली आहे. हे लोक मात्र आपल्या गाडीच्या खोटी परक्याला सांगतात, आणि सांगताना एक हात टाकीवर असतो. तिघांचाही होता. मी पाहिला.

मग मास्तर म्हणाले, "अन् तुमच्या गाडीत काय आवडत नाही बाबा?"

"उजवीकडं ओढते."

झालं. तिघं डॉक्टर झाले. एक म्हणाला बेरिंग, एक म्हणाला फोर्क, एक वाकून चेन पाहू लागला. मी पोहे संपवले.

वच्छलालाही ह्या गाडीत एक गोष्ट आवडत नव्हती. पहिल्या वर्षापासून म्हणायची, "हिले मागं धरायले काहीच नाही वं माय." मी म्हणायचो, "मले धर." ती म्हणायची, "बाजारातले लोक पाहते." आणि सीटचा पट्टा मुठीत पकडून बसायची. पंचवीस वर्षं पट्टाच धरला. शेवटच्या वर्षी मात्र माझ्या कमरेला हात घालून बसायला लागली. मला वाटलं, म्हातारपणी लाज गेली. खरं सांगतो, मला चांगलं वाटलं.

कन्हान

कन्हानला वच्छलाची धाकटी बहीण इंदू राहते. तिचा नवरा दौलत, माझा साडभाऊ, कोळशाच्या खाणीतून रिटायर झाला. त्यांच्याकडे मुक्काम ठरला होता.

गावाच्या आधी नदीचा पूल आहे. पुलावर माझ्या उजव्या अंगानं एक ई-रिक्षा पुढे जात होती. गाडी ओढत गेली आणि माझा आरसा तिच्या पत्र्याला लागून खाली पडला. रिक्षा थांबली. चालवणारी बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेली.

"डोळे कुठं ठेवले जी? घरी?"

"गाडी ओढते बाई."

"ओढते तं बैलगाडी घ्या. बैल तरी ऐकते."

तिनं खाली उतरून आरसा उचलून दिला. फुटला नव्हता, फक्त दांडी वाकली होती. "घरी पोहचा नीट," म्हणाली. मी म्हणलो, हो. पुलाच्या कठड्याशी गाडी लावून थोडा वेळ उभा राहिलो. खाली पाणी कमी होतं, वाळू जास्त. वच्छला इथून जाताना दर वेळी नदीला हात जोडायची. म्हणजे दोन्ही हात सोडायची. आणि मी ओरडायचो, धरून बस.

इंदूनं गोळाभात केला होता. बेसनाचे गोळे भातात, वरून फोडणीचं गरम तेल. हा वच्छलाचा हातखंडा. इंदूच्या गोळ्यात ओवा जास्त पडतो, घरी पडत नाही. मी दोनदा घेतलं, कारण समोर बसून ती पाहत होती.

दौलतलाही गाडीचं विचारलं. तो म्हणाला, "माह्या गाडीत एकच खोट आहे साडभाऊ. इंदू मागं बसून गाडी चालवते. इकडून घ्या, तिकडून घ्या, खड्डा आहे, ब्रेक मारा."

इंदू म्हणाली, "मी बोलत नसते तं आतापर्यंत कोळशाच्या ट्रकखाली असते तुम्ही."

"पाहा. अशीच बोलते. पूर्ण रस्ता."

मग दोघांच्याही ध्यानात आलं आणि दोघंही चूप झाले. मी म्हणलो, "बोला न. काहून थांबले?" माझ्यासमोर नवरा-बायको भांडतही नाहीत आता. कुठेही गेलो तरी हेच.

जेवणानंतर इंदूनं पेटी उघडली. दिवसकार्यानंतर वच्छलाचे कपडे आम्ही तिला दिले होते. तिनं तीन ब्लाउज काढून माझ्यापुढे ठेवले आणि बाह्या उलट्या केल्या.

"हे पाहा भाऊजी."

आतल्या बाजूला शिलाईच्या रेघा होत्या. एक जुनी, मशीनवरची. तिच्या आत हातशिलाईची एक, निळ्या दोऱ्याची. तिच्या आत आणखी एक, पांढऱ्या दोऱ्याची. जसजशी बारीक झाली तसतसा ब्लाउज आत घेतला होता, म्हणजे बाहेरून कोणाला ढिला दिसू नये.

"दोनदा आत घेतला," इंदू म्हणाली. "तिन्ही ब्लाउज. तुमच्या घरात बसून शिवलं असंन न हे तिनं. तुम्हाले दिसलं नाही?"

"ती काही न् काही शिवतच राहायची."

"कधीपासून गा भाऊजी?"

तोच प्रश्न. ह्या बाईला मी काय सांगू. म्हणलो, "ठाऊक नाही इंदू." तिनं ब्लाउज घडी करून ठेवले. रडली नाही. इंदूही डॉक्टरणीसारखी, रागावत नाही.

शनिवार. खापा

सकाळी पारशिवनीच्या रस्त्यानं निघालो. धुकं होतं. दोन्ही बाजूंना कुठे कपाशी, कुठे संत्र्याचे बगीचे, आणि झाडांना बांबूचे टेकू लावलेले. संत्र्याच्या झाडाला फळ जास्त झालं की फांदी वाकते, मग टेकू देतात. फळ उतरवलं की टेकू काढतात. काही झाडांची फळं उतरली होती, पण फांद्या तशाच वाकलेल्या होत्या. मी ते पाहिलं आणि पुढे गेलो. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

लतीफभाईचं दुकान तिथंच आहे, फक्त पाटी नवी. लतीफभाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पोट सुटलं, दाढी पांढरी झाली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला पाहून उठला, हात पुसला. बातमी त्याला कळली होती. बराच वेळ माझा हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "चाय?"

चहा झाल्यावर मी गाडीचं सांगितलं. कोणी काय काय बदललं तेही सांगितलं. त्यानं पाना उचलला नाही. गाडी मोठ्या स्टँडवर लावली आणि नुसता भोवती फिरला. चाक फिरवून पाहिलं. हँडल हलवून पाहिलं. मग सीटजवळ आला आणि सीटवर तळहात फिरवत राहिला, जसा बैल विकत घेणारा पाठीवर फिरवते.

"इकडं या," म्हणाला. "हात लावा. इथं."

माझ्या बसायच्या जागी, उजव्या अंगाला, फोममध्ये खड्डा होता. डावं अंग उंच, उजवं दबलेलं.

"बरोबर वीस-पंचवीस साल तुम्ही उजव्या कुल्ल्यावर बसले, भाऊ."

"काहून?"

"काहून म्हंजे? भाभी डाव्या अंगाले पाय सोडून बसत होत्या. त्यांचं वजन डावीकडं. गाडी डावीकडं पडू नये म्हणून तुम्ही उजवीकडं झुकून चालवत होते. रोज. आता मागं कोणी नाही, अन् तुम्ही अजूनबी झुकूनच चालवता. गाडी उजवीकडंच जाईन न."

मी म्हणलो, "मी झुकत नाही. सरळ बसतो."

"तुम्हाले सरळ वाटते ते."

माझा विश्वास बसला नाही. मी म्हणलो, चार मेकॅनिकले जे सापडलं नाही ते तुले हात फिरवून सापडलं? तो म्हणाला, "त्या चौघांनी गाडी एकट्यानं चालवून पाहिली असंन. सरळ गेली असंन. म्हणून म्हणले, काही नाही हिले. बरोबरच म्हणले." मग त्यानं गाडी स्टँडवरून उतरवली. "बसा. सुरू करा."

मी बसलो. आणि लतीफभाई, एवढा मोठा माणूस, माझ्या मागे आडवा बसला. दोन्ही पाय डावीकडे, चपला त्यानंच बसवलेल्या पट्टीवर.

समोरचा पानठेलेवाला ओरडला, "चाचा, पदर तं घ्या डोक्यावर."

"तू चूप रह बे. चला भाऊ. नदीपर्यंत."

मी निघालो. शाळेपुढून, घाटाच्या रस्त्याला. गाडी सरळ चालली. बारीकशीसुद्धा ओढ नाही, दोरा धरल्यासारखी सरळ. मागून तो म्हणाला, "हात ढिले सोडा." मी बोटं उघडली. हँडल हललं नाही.

मागे वजन होतं. खड्ड्यात गेलो की ते वजन माझ्या पाठीला लागायचं आणि परत जायचं. उजव्या खांद्यावर हात होता. ग्रीसचा वास येत होता, तरी मी वळून पाहिलं नाही. नदी आली. तो म्हणाला, "बस, फिरवा." मी फिरवली नाही. घाटापर्यंत नेली, जिथं रस्ताच संपतो.

परत दुकानात आल्यावर तो उतरला आणि म्हणाला, "पाहिलं? गाडी एकदम ठीक आहे. सीट नवी भरून देतो, सपाट. महिनाभर ध्यान देऊन सरळ बसा. सवय आहे, सुटून जाईन." खोट सापडली म्हणून खूश होता. कामाचा माणूस आहे. मग हात धुता धुता त्यानं सहज विचारलं, मेकॅनिक विचारतात तसं, "कधीपासून ओढून राहिली होती?"

आणि हे मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. मी लगेच म्हणलो, "यंदाची नाही, त्याच्या आधीची दिवाळी. नवा टायर टाकला होता तेव्हापासून. मी टायरवाल्याशी भांडलो. होळीले जास्त ओढायले लागली, तेव्हा पहिलं बेरिंग बदललं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. पोळ्यानंतर तं..."

लतीफभाईच्या हाताला साबण तसाच होता. नळ वाहत होता.

"भाभी तं पोळ्याले गेल्या न?" तो म्हणाला.

"हो."

"मंग दिवाळीपासून काहून..."

दोघांनाही एकदमच कळलं. दिवाळीपासून मागचं वजन कमी होत होतं. ती रोज थोडी थोडी हलकी होत होती, आणि मी पूर्वीच्या वजनासाठी झुकत होतो, म्हणून गाडी तेवढी तेवढी ओढत होती. घरात ती ब्लाउज आत घेत होती, ताटावर खोटं बोलत होती, माझ्यापासून, पोरापासून, सुनेपासून लपवत होती. गाडीपासून लपवता आलं नाही तिला. दवाखान्यात नेण्याआधी सहा महिने गाडी मला सांगत राहिली, आणि मी बेरिंग बदलत राहिलो. मी टायरवाल्याशी भांडलो त्या दिवशी ती मागेच बसली होती. म्हणाली होती, "जाऊ द्या न जी. नवीन आहे, बसंन हळूहळू."

लतीफभाईनं नळ बंद केला. मग म्हणाला, "बेरिंगबी खराब असंन भाऊ. जुन्या गाडीत बेरिंगनंबी ओढते. टायरनंबी. ते काही सांगता येत नाही."

तो खोटं बोलत होता. तीन बेरिंगं मी त्याला आत्ताच सांगितली होती. पण साठ वर्षं खरं काम केलेल्या माणसानं माझ्यासाठी आपल्या धंद्यात खोटं सांगितलं, हे मी विसरणार नाही.

सीट त्याला भरू दिली नाही. आरशाची दांडी तेवढी सरळ केली त्यानं. निघताना पानठेलेवाला म्हणाला, "बाबाजी, सापडलं का काही?" लतीफभाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपली पानं पुसू लागला.

परत

सावनेरच्या रस्त्यानं आलो, तो मोठा आणि सरळ आहे. सरळ बसून पाहिलं. जमते. लतीफभाईचं खरं आहे. दोन्ही बाजूंनी सारखं वजन टाकून बसलो की गाडी सरळ जाते. पण तसं बसलो की पाठीला कळते, मागे कोणी नाही. सगळी हवा एकदम पाठीवर येते. एक किलोमीटर गेलो असेन. मग परत जसा होतो तसा बसलो आणि हँडल डावीकडे दाबून धरलं. घरी पोहोचेपर्यंत मनगट सुजलं.

आणि तो कमरेचा हात. लाज गेली म्हणून नव्हता तो. पट्टा धरायला मुठीत जोर राहिला नव्हता. हे मला पाटणसावंगीच्या पुढे कळलं. तिथं गाडी थांबवून मी बराच वेळ उभा होतो. एक-दोघांनी विचारलं, पंक्चर झाली का बाबा? मी म्हणलो, नाही.

प्रकाश दारातच होता. "सापडली खोट?"

"गाडीत नाही."

"मंग?"

त्याला सांगितलं नाही. त्यालाही माय होती ती. तो त्याच्या दिवाळीकडे जाऊन पाहील, फराळाच्या ताटाशी, आणि मग तोही तिथून परत येणार नाही. एक जण पुरे. एवढंच म्हणलो, भंगारवाल्याला नको बोलावू. तो रागावला. सून म्हणाली, जाऊ द्या, त्यांची वस्तू आहे.

दवाखान्याची फाईल कपाटात होती. पहिलाच कागद काढला, उन्हाळ्यातला. डॉक्टरणीचं इंग्रजी मला येत नाही, पण तिनं माझं उत्तर कुठं लिहिलं ते मी तेव्हा पाहून ठेवलं होतं. वजनाच्या आकड्याच्या बाजूला. तिथं पेन घेऊन मराठीत लिहिलं, "दिवाळीपासून." आता त्या कागदाचा कोणाला उपयोग नाही. फाईल परत ठेवली.

गाडी चालवतो अजून. दळण, बाजार, पंप. परवा सिग्नलला उभा होतो. बाजूला एक जण चकचकीत नव्या गाडीवर. मी सवयीनं विचारलं, काय आवडत नाही हिच्यात? म्हणाला, मीटरमध्ये एवढं काही दिसते का रस्ता दिसत नाही. मग हसून म्हणाला, "अन् तुमच्या?"

"उजवीकडं ओढते."

"बेरिंग पाहून घ्या बाबा," तो म्हणाला.

"पाहतो," मी म्हणलो. सिग्नल सुटला.